पाच पाच

थिंगेयरीच्या मासळी-लिलावघरात
वजनकाट्यामागच्या कपाटात
सर्व्हर चालू आहे, आणि नाही.
पंखे बोंबलतायत. पडदा काळा.
सुरू होताना एक बारीक शिट्टी वाजते, तीही नाही.
बाहेर एकशे चाळीस क्रेट कॉड,
थोडा हॅडॉक, बर्फात तोंड उघडून,
आणि चारचा ट्रक.
खिंड बर्फाने बुजायच्या आत त्याला निघावंच लागतं.

मी झाकण काढते. टॉर्च दातांत.
बोर्डाच्या कोपऱ्यात नखाएवढी खिडकी,
तिच्यात दोन लाल आकडे:
पाच पाच.
पाचावर धारण बसते म्हणतात,
इथे तर दोनदा बसली होती.

पुस्तिकेच्या झेरॉक्सवर कुणाच्या तरी कपाचं वर्तुळ,
त्या वर्तुळाच्या आत बरोबर माझी ओळ:
पंचावन्न. मेमरी आढळली नाही.

शिकाऊ असताना मला वाटायचं
आकडा म्हणजे आजाराचं नाव.
तसं नसतं.
यंत्र उठतं तेव्हा दर पायरीवर
तिचा क्रमांक पुटपुटत चढतं,
शून्य चार, एक नऊ, दोन बी,
डोळ्याला धरताही येत नाहीत इतक्या भराभर,
आणि जिथे पाय अडतो
तिथला क्रमांक तेवढा ओठांवर राहतो.
पायरी मोडली की पाय,
ते आपण बघायचं.

वायर काढली. तीस मोजले.
बटण दाबून धरलं, उरलीसुरली वीज सांडू दिली.
चारही पट्ट्या उपटल्या, एकच परत लावली.
पाच पाच.
दुसरी. पाच पाच.
तिसरी लावताना दारात हाफ्लिदी आला,
चौऱ्याहत्तर वर्षांचा,
लिलाव पडद्यावर गेल्यापासून नुसती कॉफी करणारा.
"आस्थिल्दुर, किती वेळ?"
सांगता येत नाही, म्हटलं.
चेहऱ्यावर काळजी आणायला
त्याला बरेच कष्ट पडले.

मग हॉलमधून आवाज आला.
उलट्या क्रेटवर चढला होता म्हातारा.
तिघे समोर, दोघे फोनवर,
फोन बोगुमिलने हातमोज्यातच उंच धरलेले,
आणि भाव वरून खाली उतरत होता
एका दमात, मध्ये श्वास नाही,
चारशे ऐंशी सत्तर पासष्ट साठ,
कुणीतरी हात टाकेपर्यंत.
काय गळा! मी ऐकलाच नव्हता कधी.

चौथी पट्टी. पाच पाच.
चारही एकदम मरत नाहीत.
म्हणून पट्टी सोडून खाचेत टॉर्च मारला,
मग परत पट्टीच्या सोनेरी दातांवर.
हिरवट बुरशीसारखं काहीतरी.
जिभेला लावून बघितलं (असं करू नये).
खारट.
तीन हिवाळे दार उघडं राहिलं होतं,
समुद्र आत येऊन
शांतपणे बसला होता.

बोगुमिलची किंगा काट्यावर बसून गृहपाठ करत होती,
वजन एकोणतीस किलो दोनशे.
तिचं खोडरबर मागून घेतलं.
सोन्यावर हलकेच, एकाच दिशेने,
जसं शाळेत चुकलेलं उत्तर,
कागद फाटू न देता.
खाच ब्रशने झाडली, फुंकर मारली नाही.
फुंकरीतही ओल असते.

वायर. बटण.
आकडे पळाले. पाच पाच आला
आणि गेला, थांबलाच नाही.
सहा शून्य, नऊ दोन,
डिस्का शोधत ए दोन, तिथे जरा रेंगाळला,
माझा जीव घशात,
आणि मग एए.
कुणी उंबऱ्यात उभं राहून
ए, ए, आहे का कुणी, अशी हाक मारावी तसा.

आहे, म्हटलं. थांब जरा.

पडद्याची वायर मी अजून लावली नव्हती.
बाहेर शेवटचे बावीस क्रेट उरले होते,
हाफ्लिदीचा आवाज फाटत चालला होता
आणि तो खाली उतरायला तयार नव्हता.
तीन चाळीस झाले होते.
मी एक एक स्क्रू लावला,
नंतर एक काढून परत लावला.

टाळ्या नाहीत. ट्रकचं दार आपटलं तेवढंच.
हाफ्लिदीने आत डोकावून विचारलं, "झालं?"
आत्ताच, म्हटलं.

किंगाला खोडरबर परत दिलं.
एका बाजूने हिरवं झालेलं.
"काय खोडलंस?"
पाच, मी सांगितलं.
दोन होते.